त्रेचाळीस डोकी

“तुमच्या लाइनवर माणसं किती आहेत?” तनुजा मॅडमनी मुलाखतीत बिभीषणला विचारलं.

मशिनं विचारली असती तर त्यानं नऊ म्हणून सांगितलं असतं. कुठला प्रेस कोणत्या हवेत कुरकुरतो, तेही सांगितलं असतं. पण माणसं? चिकलठाण्याच्या या कारखान्यात त्यानं अठरा वर्षं काढली, आणि माणसं कधी मोजलीच नाहीत.

“मोजली नायत, मॅडम,” तो खरं तेच बोलला.

मॅडम कारखान्याच्या प्रमुख म्हणून नव्यानंच आल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. मुलाखतीच्या कागदावरचा तो रकाना रिकामाच राहिला. शेजारी बसलेल्या एचआरच्या साहेबाला हसू आवरेना. त्याचंही बरोबर होतं. शिफ्ट इन्चार्ज व्हायला आलेल्या माणसाला हाताखाली किती जण आहेत ते ठाऊक नाही, म्हटल्यावर कोणीही हसलं असतं.

कारण होतं, पण सांगायचं कसं? बिभीषणचा बाप मल्हारी कन्नडकडं मेंढरं राखायचा. मेंढरं मोजायची नाहीत, मोजली की कळपाला नजर लागते, हा घरचा कायदा. संध्याकाळी मल्हारी मेंढवाड्याच्या जाळीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि आत शिरणारं एकेक तोंड बघायचा. शेवटचं मेंढरू आत गेलं, की कधी ‘काळतोंडी मेंढी मागं राहिली’ म्हणून काठी घेऊन निघायचा. त्याची चूक झालेली बिभीषणनं कधी बघितली नव्हती. शिफ्ट सुटताना गेटाशी उभं राहून प्रत्येकाचं तोंड बघायची खोड त्याला तिथूनच लागली. पण माणसांची गोष्ट चाललेली असताना मेंढरांचं नाव काढलं, तर लोक भलताच अर्थ काढतील.

मुलाखतीची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा त्यानंच काम शिकवलेली पोरं इन्चार्ज झाली आणि त्यानं हसतमुखानं पेढे खाल्ले. या वेळी त्याच जागेसाठी समोर सत्यम होता. इंजिनीअर, चार वर्षांचा अनुभव, सगळी लाइन लॅपटॉपमध्ये. पोरगा स्वभावानं चांगला, हीच पंचाईत; धड रागही धरता येईना. सकाळी निघताना बिभीषण बायकोला, रत्नमालाला, सांगून आला होता, आज नाय झालं तर राजीनामा देतो आणि कन्नडच्या रस्त्यावर प्रवाशांची जीप घालतो. खुशाल घाला, ती म्हणाली होती, पण डबा खाऊन मग घाला.

“ठीक आहे, कळवू,” मॅडम म्हणाल्या. बिभीषण खुर्चीतून उठला, तोच भोंगा वाजला. आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं, याची तालीम होती. कधी होणार ते मॅडमनी मुद्दामच कोणाला सांगितलं नव्हतं.

सगळी लाइन पार्किंगजवळच्या लिंबाखाली रांगेत उभी राहिली. हजेरीचं काम सत्यमकडं होतं. त्यानं भराभर हेल्मेटं मोजली, मोबाइलवरच्या आकड्याशी ताडून बघितली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस, चार मिनिटांत. मॅडमनी समाधानानं मान हलवली. बिभीषणला जीप आता स्पष्टच दिसायला लागली. निदान रंग तरी मनासारखा घ्यावा, असं त्याला वाटून गेलं.

पण पाय सवयीचे. ते त्याला रांगेपुढून घेऊन निघाले. एकेक तोंड बघत तो शेवटापर्यंत गेला आणि थांबला.

“बन्सी नाय,” तो म्हणाला.

सत्यमनं पुन्हा मोजलं. त्रेचाळीसच भरले. आकडा बरोबर आहे, असं त्यानं नम्रपणेच सांगितलं.

“आकडा आसंल बराबर. बन्सी नाय.” एवढं बोलून बिभीषण कोणाला न विचारता आत पळाला.

बन्सी मागच्या कॉम्प्रेसरच्या खोलीत होता. कॉम्प्रेसर चालूच, कानांवर आवाज अडवणारे जाड गोळे, दाराकडं पाठ. आपल्याच नादात तो नट आवळत बसला होता. भोंगाच काय, छप्पर पडलं असतं तरी त्याला कळलं नसतं. बिभीषणनं दंडाला धरून त्याला बाहेर आणलं. त्याचा गोंधळलेला चेहरा बघून रांगेतली माणसं आधी हसली. मग आज आग खरी असती तर, हे प्रत्येकाच्या मनात आलं.

मग त्रेचाळिसावा कोण? रांगेच्या मधोमध चहावाले काकासाहेब उभे होते. हातात किटली, डोक्यावर गेटवरच्या वॉचमननं नियमाप्रमाणं चढवलेलं हेल्मेट. सगळे पळाले म्हणून तेही पळाले, त्यांचं काय चुकलं? सत्यमचा चेहरा उतरला. बिभीषणनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला खरंच बरं वाटत होतं. बन्सी डोळ्यांसमोर उभा होता, आणि जीपचं त्याला आठवतही नव्हतं.

मॅडम कागद घेऊन त्याच्याजवळ आल्या.

“उद्यापासून शिफ्ट तुमची, बिभीषणभाऊ,” त्या म्हणाल्या. “पण हा रकाना मला भरावाच लागेल. लाइनवर माणसं किती?”

बिभीषणनं या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

“आत्ता समदी हायत, मॅडम. तेवढंच लिवा.”