खोकला ऐकणारा फोन

चहाचा कप तसाच बाजूला सारून हौसाबाईंनी आशाताईचा हात धरला. "फोन परत करायच्या आधी एकदा ह्यांचा खोकला ऐकव गं मला."

आशाताईनं पिशवीतून फोन काढला. खोकला रेकॉर्ड करून नुसत्या त्यावरून क्षय ओळखणारा तो फोन संशोधनासाठी वर्षभर तिच्यासोबत दारोदार फिरला होता, आणि आज तो तालुक्याला जमा करायचा होता. हौसाबाईंच्या नवऱ्याचा क्षयही त्यानंच ओळखला. निदान बरोबर निघालं, पण तोवर दुखणं हाताबाहेर गेलं होतं.

त्या खोकल्यानं हौसाबाईंचा जीव दोन वर्षं नुसता विटून गेला होता. "बास करा की आता!" असं खेकसून त्यांनी नवऱ्याचं अंथरूण ओसरीवर नेऊन टाकलं होतं. आता ते गेल्यावर घर इतकं शांत झालं होतं, की त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

आशाताईनं फोन पुढ्यात ठेवून बटण दाबलं. तोच खोल, खरखरीत खोकला घरभर घुमला. तपासणीच्या नियमाप्रमाणे मोजून तीनदा.

मग फोनमधून धापा टाकत आवाज आला, "बास का ताई? का अजून खोकू?"

आशाताई घाईनं फोन बंद करायला गेली. हौसाबाईंनी तिचा हात अडवला, डोक्यावरचा पदर सावरला आणि फोनकडे वाकून हळूच म्हणाल्या,

"खोका की. मी कुठं काय म्हणतेय?"