केबिनच्या खिडकीतून

"आले बघ तुझे पाहुणे," धाकटा भाऊ तिच्या कानाशी म्हणाला. "आता तरी दात खाणं थांबव, ताई. इंजिनापेक्षा तुझाच धूर जास्त निघतोय."

तिने हातातला चिमटा टेबलावर आपटला.

रेल्वेच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरलेल्या सभागृहाच्या दारातून म्हातारे स्टेशनमास्तर काठी टेकत येत होते. निमंत्रण तिनेच धाडलं होतं, अगदी गोड शब्दांत. मास्तर येतील आणि चारचौघांत तोंडावर पडतील, या एका आशेवर तिने कित्येक वर्षांच्या सुट्ट्या खर्ची घातल्या होत्या.

समोर दोन टेबलं जोडून तिचं लहानपणचं स्टेशन उभं होतं. खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान आणि अपघाताच्या सकाळी होतं तस्संच. फलाटाची लांबी, गोदामाची उंची, रुळांचं वळण, सगळं रेल्वेच्या जुन्या नकाशांवरून घेतलेलं. जरा शंका आली की ती उभी भिंत पाडून पुन्हा बांधायची. खरं स्टेशन बांधायलाही इतका वेळ लागला नसेल, असं भाऊ म्हणायचा.

त्या सकाळी मुख्य लाइनवर मालगाडी उभी होती. केबिनमन होते या दोघांचे बाबा. लाइन मोकळी आहे असं समजून त्यांनी सिग्नल दिला आणि मागून आलेली पॅसेंजर मालगाडीवर आदळली. मालगाडीचा गार्ड जागच्या जागी गेला. चौकशीत मास्तरांनी साक्ष दिली, "केबिनच्या खिडकीतून मालगाडीच्या वाघिणी स्वच्छ दिसतात. त्याने बघितलं असतं, तर दिसल्या असत्या." बाबांची नोकरी गेली. त्यांनी मान खाली घातली ती कायमचीच. आई तर हा विषयच काढू देत नसे. "जुनं उकरू नकोस," एवढंच म्हणायची. आज प्रदर्शनालाही ती आली नव्हती.

पण केबिनच्या खिडकीतून काय दिसायचं, ते लेकीला पक्कं ठाऊक होतं. बाबांच्या मागे मागे ती तिथे जायची. डोळे मिटले की आजही दिसायचं ते गोदामाचं लाल छप्पर. फक्त छप्पर. म्हणजे मास्तर धडधडीत खोटं बोलले होते.

"या मास्तर, बसा," ती म्हणाली. "हा पडदा बघा. या छोट्या केबिनच्या खिडकीत मी कॅमेरा बसवलाय."

कॅमेरा शेंगदाण्याएवढा होता. आठवणीतलं दृश्य पडद्यावर हुबेहूब येईपर्यंत तिने तो वरखाली करून पाहिला होता आणि जुळताक्षणी तिथेच चिकटवून टाकला होता. पडद्यावर लाल छप्पर होतं. आजूबाजूचे लोक स्टॉल सोडून जमू लागले.

मास्तरांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"दिसतात वाघिणी?" तिने विचारलं.

"नाही."

"जरा मोठ्याने. सगळ्यांना कळू दे."

"नाही दिसत."

"मग चौकशीत कुणाची तळी उचलत होतात? माझ्या बाबांचा बळी देऊन कुणाला वाचवलंत?"

मास्तरांनी काठीवरची मूठ घट्ट केली. "माझं चुकलं, पोरी. लेखी हवं असेल तर लेखी देतो. खोटं बोललो म्हणून लिही आणि मी सही करतो."

ती भांडणाच्या तयारीने आली होती. या मुकाट शरणागतीने तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. "एवढ्यावर सुटायचं नाही, मास्तर! आमचं घर धुळीला मिळालं आणि तुम्ही सही करून मोकळे होणार?"

"माफ करा हं," गर्दीतले एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले. "केबिनमन जमिनीवर बसून काम करायचे का? कॅमेरा फार खाली वाटतो."

"अहो, तुम्हाला काय करायचंय?" मास्तर एकदम खेकसले. "तिने अभ्यास करून लावलाय तो. पोरी, हलवू नकोस. मी कबूल केलंय ना!"

"का? आता घाबरलात?"

"हो," मास्तर म्हणाले. "घाबरलो."

तिला हेच हवं होतं. "आता तर हलवणारच," म्हणत तिने चिमटा उचलला. उभ्या माणसाचा डोळा साडेपाच फुटांवर. भागिले सत्त्याऐंशी. एकोणीस मिलिमीटर. कॅमेरा खरवडून काढला आणि पट्टी लावून बरोबर तिथे धरला.

पडद्यावरचं छप्पर खाली सरकलं. त्याच्यामागे वाघिणींची तपकिरी रांग लख्ख दिसू लागली.

भावाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला. छप्पर तिने या डोळ्यांनी पाहिलं होतं, नकाशे चूक नव्हते, मग चुकलं कुठे? डिंकाचा डाग अजून तिथेच दिसत होता. तिने त्याची उंची मोजली. अकरा मिलिमीटर. गुणिले सत्त्याऐंशी. जेमतेम तीन फूट.

पट्टी तिच्या हातातच राहिली. तीन फुटांवर कुणाचे डोळे असतात?

"मास्तर," तिने विचारलं. "त्या सकाळी केबिनमध्ये आणखी कोण होतं?"

"तुझ्या बाबाचा रूळ बदलायचा लिव्हर अडकला होता," मास्तर खाली बघत म्हणाले. "दोन्ही हात गुंतलेले. खिडकीपर्यंत जाता येईना. तुझं नाव कुणापुढे काढायचं नाही, असं वचन घेतलं होतं त्याने माझ्याकडून."

छप्पर तिला जन्मभर आठवत आलं होतं. बाबांचा आवाज मात्र आत्ता आठवला. "चिमणे, बघ गं, लाइन मोकळी आहे का?"

आणि खिडकीच्या काचेला नाक लावून ती म्हणाली होती, "हो बाबा. कुणीच नाही."