महाग गाडीवरचे खड्डे

एका वाहन उद्योगसमूहाच्या तिन्ही आलिशान ब्रँडच्या गाड्या चाकणच्या कारखान्यात एकाच यंत्राने, एकाच रंगाने रंगवल्या जात. अलीकडे सुईच्या टोकाएवढे खड्डे मात्र सर्वांत महाग गाडीच्याच रंगात पडत होते.

“संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही, तर या गाडीचं उत्पादन परदेशात हलवू,” मुख्यालयातून आलेले साहेब रसायनतज्ज्ञ इरावतीला म्हणाले. “आणि हात लावणाऱ्या त्या बायका आधी काढा.”

रंगकामापूर्वी पत्र्यावरून उघडा तळहात फिरवून उंचवटे शोधण्याचा मान फक्त महाग गाडीला होता. ते काम करणाऱ्या मंदाकिनीताईंनी घाबरून दोन्ही हात पुढे केले. “मॅडम, सारखे धुतो हो. आता तर लोण्यासारखे झालेत. नवरा विचारतो, कारखान्यात जातेस की पार्लरमध्ये?”

इरावती हसली नाही. त्या हातांना काय लावतात ते विचारून तिने त्यांच्याकडची क्रीमची ट्यूब मागून घेतली, थोडे क्रीम नमुन्याच्या पत्र्यावर चोळले आणि तो पत्रा रंगवून घेतला. रंगात खड्डे उमटले.

संध्याकाळी तिने साहेबांना कारण सांगितले: महाग गाडीला खरखरीत हात लागू नयेत, म्हणून मुख्यालयानेच या बायकांना वाटलेल्या क्रीममध्ये रंगाला पत्र्यावर धरू न देणारे सिलिकॉन होते.