जिन्याकडची कुंडी

"बाकी काहीही हलव, पण या दोन कुंड्यांची अदलाबदल करू नकोस," असं शेजारच्या धम्मपालकाकांनी सुहानाला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं होतं. आणि आज नेमकं तेच करून बसली.

कारणही तसंच होतं. ईदची सकाळ. काका शीरखुर्मा खायला आलेले, आत टीव्हीसमोर बसलेले. दार उघडं राहिलं आणि सव्वा वर्षाची जिया डुलत डुलत थेट जिन्याच्या तोंडाशी पोचली. सुहानाने धावत जाऊन तिला उचललं. जिन्याकडचा बांबू विरळ होता, त्याच्या बाजूने पोर सहज निसटली असती. त्याच्या पुढे, काकांच्या दाराशी ठेवलेला कसा भरगच्च होता. तिने जियाला कडेवर घेतलं आणि पायाने ढकलत ढकलत दोन्ही कुंड्यांच्या जागा बदलल्या.

ओळखणार कोण? दोन्ही बांबू पिवळेधमक, दोन्हींवर हिरवे उभे पट्टे, पानंही तशीच.

"एक साधा, एक बुद्धा बेली," काका सांगायचे. "हा जिन्याकडचा, याची बुडाकडची पेरं फुगीर असतात. नाव नर्सरीवाल्यांनी ठेवलंय हं. आपल्या बुद्धाचं पोट कुठे सुटलं होतं?"

"मला तर जुळे वाटतात, काका."

"डोळ्यांनी बघतेस म्हणून. हात लाव."

हात लावायला तिला फुरसत कुठली? जियाने काय तोंडात घातलं, कुठे चढली, कशाला धरून उभी राहिली, यातच दिवस सरायचा. बिल्डिंगमध्ये तिला 'सीसीटीव्ही' म्हणत. तिला ते माहीत होतं.

काकांबद्दल तिच्या मनात एकच सल होता. इतका लळा, पण जियाला त्यांनी कधी उचलून घेतलं नाही. पोर दोन्ही हात वर करून उभी राहायची आणि काका म्हणायचे, "मी आधी बसतो, मग मांडीवर दे. उभ्याने नको." येता-जाता त्या बांबूंना मात्र कुरवाळायचे. झाडाला माया आणि लेकराला नाही, असं एकदा ती नवऱ्याजवळ, इमरानजवळ बोललीही होती.

काका निघाले. तिने डबा भरून त्यांच्या हातात दिला.

"खातूनबीच्या हातचा आहे ना? की सूनबाई, तुझा?"

"अम्मींचाच. माझा असता तर दिला असता का?"

हसत हसत काका पॅसेजमध्ये आले. डबा उजव्या हातात, डावा हात जरा पुढे. सुहाना जियाला घेऊन दारात उभी होती. पहिली कुंडी आली. काकांचा हात बांबूवरून खाली उतरला. पेरं सरळ, गुळगुळीत. काका रोजच्यासारखे डावीकडे वळले आणि आपल्या घराच्या उंबऱ्यावर टाकावं तसं बिनधास्त पाऊल त्यांनी उचललं.

समोर जिना होता.

"काका!"

पाऊल हवेतच राहिलं. डबा सुटला, पायऱ्यांवर आपटत आपटत खालच्या वळणावर जाऊन थांबला. काकांनी दोन्ही हातांनी बांबू घट्ट धरला होता.

"कुंडी बदललीस," ते हळूच म्हणाले. ते तिच्याकडे बघून बोलत होते. निदान त्यांना तसं वाटत होतं. त्यांची नजर तिच्या शेजारच्या भिंतीवर होती.

सुहानाने त्यांचा दंड धरला, त्यांना त्यांच्या खऱ्या दाराशी नेलं.

"कधीपासून?"

"काचबिंदू. कडेकडेने सगळं गेलं. आता उजेड तेवढा कळतो. डॉक्टर आहेत, थेंब चालू आहेत. पण गेलेलं परत येत नाही."

"सोमनाथदादांना?"

"पोरगाच तो माझा. त्याला फोनवर सांगितलं, तर उद्याच मला न्यायला पुण्याहून टेम्पो घेऊन येईल. हे घर तुझ्या काकूने लावलंय गं. इथे हात घालीन तिथे वस्तू सापडते मला. तो आला की तोंडावर सांगेन. तोवर गप्प राहशील?"

जियाने त्यांच्याकडे पाहून दोन्ही हात वर केले. काकांना ते दिसले नाहीत. सुहानाने मान फिरवली.

कुंड्या तिने लगेच पुन्हा जागच्या जागी ठेवल्या; ईदनंतर जिन्याला लोखंडी फाटक बसवून घेतलं. सोसायटीत हसू झालं. खालच्या मोहिनीताई म्हणाल्या, "काय हो सीसीटीव्ही, आमची पोरं काय फाटक लावून वाढवली होती आम्ही?"

"मला भीतीच फार वाटते हो, ताई," सुहाना म्हणाली. ते खोटं नव्हतं. कोणासाठी, एवढंच तिने सांगितलं नाही.

उद्या ती जियाला घेऊन मालेगावला माहेरी जाते आहे, बहिणीच्या लग्नाला. सोसायटीत कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून ती तुम्हाला सांगते आहे. इंदिरानगरात जाणं झालं, तर तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन या. फाटकाची कडी लावा. जिन्याकडच्या कुंडीतल्या बांबूला हात लावून बघा, पेरं फुगीर लागली पाहिजेत. मग पुढचं दार वाजवा, आणि काकांनी उघडलं की आधी आपलं नाव सांगा.