गिटारच्या आतली गाठ

इलेक्ट्रिक गिटार अस्सल की आतून बदललेली, हे मी एकदा सांगितलं की या बाजारात दुसऱ्या कुणाला विचारायला कुणी जात नाही. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला आलेले भलेभले तोंड पाडून परत गेलेत.

हे आजोबा तसे नव्हते. "वडिलांची गिटार आहे, ताई," ते म्हणाले. "धाकटा भाऊ म्हणतो, मी आतलं मूळ सामान विकून खाल्लं. तुम्हीच बघा. तुमचा शब्द तो मानेल."

मी भिंगाखाली एकेक स्क्रू तपासला. त्यांच्या खाचांत बसलेला कारखान्याचा रंग अखंड होता. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून ही गिटार कुणी उघडलेली नव्हती.

"भावाला खुशाल घेऊन या, आजोबा," असं म्हणत मी झाकण काढलं.

आतलं काम बघत राहावं असं होतं. आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला, वितळवून लावलेल्या सोल्डरच्या थेंबाखाली, डावीकडे दुमडलेली बारीक गाठ होती.

ही गाठ मला कुणी शिकवलेली नाही. ती माझी आहे, गिटार दुरुस्त करताना मीच घालते ती. तिच्यावरून लोक माझा हात ओळखतात.

"सगळं मूळचंच आहे ना?" आजोबांनी विचारलं.

"मूळचंच," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू, इतकं सुबक काम पाहून तेव्हाही माझी मान ताठच होती.

मी त्या गाठीवर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

सोल्डर अजून निवलं नव्हतं.