चार पेग

"ताई, कोलामध्ये थोडी व्हिस्की टाका ना. बाबांना कळायचं नाही," धाकट्या बहिणीचा नवरा बारच्या काउंटरवर वाकून कुजबुजला.

ताई गोड हसली. तो हेच मागणार याची तिला खात्री होती. म्हणून तर तिने सकाळीच आलं किसून रस काढून ठेवला होता.

दुपारी बार बंद होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी धाकटी आणि तिचे सासरे बसले होते. दोन महिने धाकटी बारवरच्या खोलीत ताईकडे राहत होती. आज सासरे तिला न्यायला आले होते. पोराने व्हिस्की सोडण्याची शपथ घेतली होती आणि चारच्या गाडीची तीन तिकिटं त्यांच्या खिशात होती.

"पोरगा मनाने वाईट नाही गं," ते समजावत होते. "बिअर प्यायला तर गाणी म्हणतो. व्हिस्कीच त्याला बाधते. तुझ्या भुवईवरची ती खूण त्याने नाही केली, व्हिस्कीने केली."

धाकटी नखाने टेबल कोरत राहिली.

ताई अकरा वर्षं या काउंटरमागे उभी होती. रमने माणूस भांडतो, वाइनने रडतो, बिअरने लाडात येतो, असं गिऱ्हाइकं छातीठोकपणे सांगत आणि ती "हो ना" म्हणे. रिकाम्या पोटी लवकर चढते, बुडबुडे असले की आणखी लवकर, एवढं खरं. पण बाटली कुठलीही असो, आतलं अल्कोहोल एकच. बाकीचं ज्याचं त्याने घरून आणलेलं असतं.

तिने त्याच्या डोळ्यांदेखत छोट्या ग्लासात पेग मोजला, बर्फासाठी पाठ फिरवली आणि भरलेला पेग तसाच काउंटरखाली ठेवून दिला. मोठ्या ग्लासात आल्याचा रस घातला, वर कोला ओतला. मग व्हिस्कीत बुडवलेलं बोट काठावरून फिरवलं.

त्याने घोट घेतला. घसा जळला तसे डोळे मिटले. "वा! कडक आहे."

"अजून एक, जावईबापू?"

"घरात तेवढ्या तुम्हीच मला ओळखता, ताई."

"ओळखते तर," ताई म्हणाली.

तिसऱ्या ग्लासाला त्याचे कान लाल झाले, जीभ जड झाली. चौथ्याला आवाज चढला. ताई भरत होती. अकरा वर्षांत इतक्या मायेने तिने कोणाला पाजलं नव्हतं.

धाकटी ताट घेऊन आली. "जेवून घ्या. गाडी चुकेल."

"मला शिकवतेस?" त्याने तिचं मनगट पिरगाळलं. ताट खाली पडलं. त्याचा दुसरा हात वर गेला.

ताई त्याच हाताची वाट पाहत होती. काउंटरवरून झेपावून तिने तो वरच्या वर धरला.

सासरे धावत आले. त्यांनी ग्लासाचा काठ हुंगला. "अरे, पुन्हा व्हिस्की! तरीच. सोड गं त्याला, तो शुद्धीवर नाही."

ते ऐकताच तो झोकांडला आणि भिंतीला टेकला. "ताईंनीच पाजली, बाबा. मी काय केलं, मला काही कळत नाही."

"असा सूड घेतलास?" सासरे ताईवर कडाडले. "शपथ मोडायला लावलीस पोराला?"

"सूडच घेतला, काका," ताई म्हणाली. तिने काउंटरखालून एकेक पेग काढून त्यांच्यापुढे मांडला. चार. "हे तुमच्या मुलाचे. मी मोजले त्याच्यासमोर, पण दिला एकही नाही. ग्लासात कोला होता आणि आलं. काठाला बोटभर वास लावला होता, तेवढाच."

सासऱ्यांनी मोठ्या ग्लासाच्या तळाशी उरलेला घोट चाखला. मग पेगला ओठ लावले. मग दोन्ही खाली ठेवले.

धाकटी मनगट चोळत पुढे आली. "बाबा, माझ्या भुवईवरची खूण कोणी केली?"

सासरे मुलाकडे बघत राहिले. मघाशी झोकांड्या खाणारा मुलगा भिंत सोडून सरळ उभा होता. पाय जरासुद्धा हलत नव्हते.

त्यांनी खिशातून तिकिटं काढली. दोन परत ठेवली आणि तिसरं काउंटरवर ठेवून दिलं.

ताईने एक पेग मुलापुढे सरकवला.

"घ्या, जावईबापू. आता लागेल."