भिंतीतलं पाऊल

चीनमधल्या झेंगझोऊ शहराची साडेतीन हजार वर्षांपूर्वीची पहिली मातीची भिंत आम्ही उकरत होतो. तिच्या दगडासारख्या टणक थरात आमच्या उत्खनन पथकातल्या लुआनताईंना लहान मुलाच्या पावलाचा ठसा सापडला. त्यांची दोन वर्षांची मुलगी मागच्या थंडीत तापाने गेली होती.

ताईंनी ठसा मोजला. बारा सेंटिमीटर भरला. महिन्याने पुन्हा मोजला, तर साडेबारा.

"मोजताना चुकलं असेल, ताई," मी म्हणालो.

"नाही रे. या वयात पाय भराभर वाढतात."

उन्हाळा सरताना खड्डा बुजवायचा हुकूम आला. ताईंनी ठशावर तळहात ठेवला. "आई येते हं, बाळा," म्हणाल्या आणि मागे न बघता निघाल्या.

मी फावडं उचललं. ठशापुढे आणखी एक ठसा उमटला होता, बोटं ताई गेल्या त्या दिशेला.